मागच्या रांगेसाठी मशीन

दादांनी मला कामावर ठेवलं ते एका रुसलेल्या जावयामुळे.

व्हिडिओ एडिटिंगचा कोर्स केल्याचं सर्टिफिकेट मी प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून नेलं होतं. त्यांनी ते उघडलंसुद्धा नाही, त्यावर चहाचा कप ठेवला. समोरच्या कॉम्प्युटरवर कुठल्यातरी लग्नाचं चित्र थांबवलेलं होतं. मांडव, खुर्च्या आणि डोकीच डोकी. "ह्याच्यात रागावलंय कोन, सांग बरं," ते म्हणाले. मला वाटलं, माणूस चेष्टा करतोय. पण ते उभेच राहिले, तशी मी बघायला लागले. नवरीची आई घामाघूम झाली होती, पण रागावलेली नव्हती. भटजींना जांभई आली होती. मग अगदी मागे, खांबाला टेकून उभा असलेला एक सफारीवाला सापडला. हातात सरबताचा ग्लास काठोकाठ भरलेला आणि ओठ घट्ट मिटलेले. "हा," मी बोट ठेवलं.

"सोमवारपासून ये," दादा म्हणाले. "थोरला जावई हाय तो. फेटा बांधायला इसरली लोकं त्याला."

दादांचा स्टुडिओ बदलापूर गावात, पिठाच्या गिरणीला लागून होता. स्टुडिओ हा शब्द त्यांचा. खरं तर एक खोली, मधे पडदा, पडद्याच्या अलीकडे गिऱ्हाईक आणि पलीकडे मी. गिरणी सुरू झाली की टेबल थरथरायचं आणि दुपारपर्यंत कीबोर्डवर पिठी बसायची. मी अंबरनाथची. वडील फॅक्टरीच्या ऑफिसात होते, आमच्याकडे जेवतानासुद्धा हळू बोलायची पद्धत. "लोकांच्या लग्नाच्या कॅसेटी चिकटवायला एवढी शिकलीस का?" असं आई दर रविवारी न चुकता विचारायची. कॅसेटी केव्हाच इतिहासजमा झाल्या होत्या, पण आईचा प्रश्न काही जुना झाला नाही.

आमच्या भागात एडिटिंगला अजून मिक्सिंगच म्हणतात. नवरीवर गुलाबाच्या पाकळ्या पाडणं, नवरा-नवरीला बदामात बसवणं, हळदीच्या नाचावर डीजेचं गाणं चढवणं, ही सगळी मिक्सिंगची कामं. ती मी करायची. स्टेजवरचं शूटिंग एक रोजंदारीचा कॅमेरावाला करायचा. दादा मात्र नवरा-नवरीकडे चक्क पाठ करून उभे राहायचे. मांडवात जरा उंचवटा बघून आपला मोठा कॅमेरा स्टँडवर लावायचे, त्याचं तोंड पंगतीकडे वळवायचे, बटण दाबायचे आणि निघून जायचे. कॅमेरा आपला एकटा चालू. पंगती बसायच्या, उठायच्या, वाढपी धावायचे, पोरं पळायची, सगळं त्यात येत राहायचं.

"स्टेजवर मानूस फोटोसाठी उभा असतो," ते म्हणायचे. "जेवायला बसला की आपला आपन असतो."

गिऱ्हाइकांना हे तत्त्वज्ञान पटत नसे. एका मुलीचे वडील तर भर दुकानात ओरडले होते, "दादा, लगीन माझ्या पोरीचं होतं का वाटाण्याच्या भाजीचं?" दादांनी त्यांना शांतपणे बसवलं, पंगत लावली आणि मागच्या रांगेतल्या एका म्हातारीवर बोट ठेवलं. ती तोंडात पदर धरून रडत होती. ती त्या मुलीची लहानपणीची सांभाळणारी. तिला स्टेजवर कुणी बोलावलंच नव्हतं. वडील जरा वेळ बघत राहिले आणि मग बाहेर जाऊन त्यांनी कुणालातरी फोन लावला.

एकदा केलेलं शूटिंग दादा पुसायचे नाहीत. कधीच नाही. बाकीचे स्टुडिओवाले लग्नाचा पेनड्राइव्ह दिला की डिस्क रिकामी करून पुढच्या लग्नाला लागतात. दादांकडे हार्ड डिस्कचे ढीग होते आणि ते सगळे स्टीलच्या डब्यांत, तांदळात पुरलेले. पावसाळ्यात ओल धरू नये म्हणून. कुठल्या डब्यात कुणाचं लग्न हे कुठेही लिहिलेलं नव्हतं. दादांच्या ते जेवणावरून लक्षात राहायचं. "बुंदी आनि वांगं ना? मोठ्या डब्यात, तलाला," असं म्हणून ते कोपरापर्यंत हात घालायचे आणि नेमकी डिस्क बाहेर काढायचे. डबे घरचेच. त्यांच्या बायकोला, म्हणजे आमच्या वहिनींना, चकल्या ठेवायला डबा उरला नव्हता. दिवाळीत त्या चकल्या पिशवीत घालून खुंटीला टांगायच्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला त्याचं कारण सांगायच्या.

हा पसारा कशासाठी, ते मला पहिल्या वर्षातच कळलं. पंचक्रोशीत कुणी वारलं की दादा मयतीला जायचे, परत आले की हातपाय धुवून थेट डब्यांकडे वळायचे. गेलेला माणूस कुणाकुणाच्या लग्नाला गेला असेल, ते आठवायचे आणि पंगतीत शोधायचे. दिवस-कार्य आटोपलं की घरच्यांना निरोप जायचा, "येऊन बघून जा." माणसं यायची. पडद्यामागे माझ्या खुर्चीवर बसायची. आणि दुसऱ्या कुणाच्यातरी लग्नातल्या मागच्या रांगेत त्यांचा बाप, त्यांची बहीण, त्यांची सासू भात कालवताना दिसायची. दादा त्याचे पैसे घेत नसत. मी एकदा हा काय धंदा म्हणून विचारलं, तर म्हणाले, "धंदा कुठं? लोकांची मानसं लोकांना देतो."

सगळेच रडायचे असं नाही बरं का. एका काकूंना त्यांचे मधुमेही मालक जिलबीवर जिलबी रिचवताना सापडले. काकूंचा पारा असा चढला की विचारू नका. "मना सांगितलं होतं, गोड सोडलं म्हनून! बग कसा हानतोय!" त्या दुसऱ्या दिवशी पुन्हा आल्या, पुन्हा लावायला लावलं, पुन्हा तावातावाने बोलल्या. पुढे कितीतरी दिवस बाजाराला निघाल्या की वाटेत येऊन नवऱ्याला चार शब्द सुनावून जायच्या. दादा त्यांच्यासाठी ती डिस्क वरच ठेवायचे.

स्वभावाने माणूस विक्षिप्त, याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती आणि आजही नाही. दुपारी कॉम्प्युटरला जेवणाची सुट्टी द्यायचे, म्हणजे बंद करून वर ओला पंचा टाकायचे. पंच्याने कॉम्प्युटर थंड होत नाही, उलट बिघडतो, हे मी सांगून थकले. शेवटी पंचा मीच कोरडा करून ठेवू लागले. शूटिंग बघताना पंगतीतल्या ओळखीच्या माणसांना ते हात करायचे. कुणाचा शर्ट आवडला तर तसं बोलून दाखवायचे. पण मला या वेडाचा लळा लागला होता. मिक्सिंग संपलं की मी मुद्दाम रेंगाळायची, आणि मग आम्ही दोघं उगाचच कुणाची तरी पंगत लावून बघत बसायचो.

मग जवळच्या चामटोली गावातून एक मावशी आली.

सोबत तिचा थोरला मुलगा होता. जमिनीच्या व्यवहारात हात असलेला, गळ्यात जाड साखळी, बोलण्यात घाई. धाकटा वर्षभरापूर्वी गेला होता. अंबरनाथला कंपनीत कामाला होता, पाळी संपवून मोटारसायकलवरून येताना अपघात झाला. वर्षश्राद्ध जवळ आलं होतं आणि थोरल्याला मोठा एलईडी स्क्रीन लावायचा होता. "दादा, आता एआयवर होतं सगळं. शेजारच्या गावात केलंय. त्यांचा बाप ढगांतून खाली उतरला, हात जोडले, सगळ्यांना आशीर्वाद दिला. लोकं ढसाढसा रडली. आपल्याला तसंच पायजे. ह्यो फोटो घ्या." त्याने आधार कार्डावरून काढलेला फोटो पुढे केला. पोरगा लाजाळू होता, कॅमेरा दिसला की तोंड फिरवायचा. घरातल्या ग्रुप फोटोत त्याचा नुसता कान दिसत होता.

मावशी म्हणाली, "ढगातून कशाला येल त्यो? त्याला उंचावर चक्कर येत होती."

दादांनी फोटो परत दिला. "कुनाच्या लग्नाला गेलता का शेवटी?"

"मामाच्या पोरीच्या. तुमीच होते शूटिंगला."

"मंग तो माझ्याकडं हाय," दादा म्हणाले. "मी दाखवतो तुला, मावशी."

थोरल्याने नाक मुरडलं. उल्हासनगरला एआयवाला त्याने आधीच बघून ठेवला होता. वर्षश्राद्धाच्या आधी दादांनी दाखवलं तर ठीक, नाहीतर ढग पक्के, असं सांगून तो आईला घेऊन गेला. मावशी जाता जाता पडद्याशी थांबली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "डावखुरा हाय बग. जेवताना पन."

डिस्क मिळाली. पण ते लग्न दादांनी नव्या कॅमेऱ्यावर, फोर-केमध्ये घेतलं होतं, आणि आमचं मशीन होतं जुनं. फाइल उघडली की चित्र जरा हलायचं आणि अडकायचं. अशा वेळी एक सोय असते. मोठ्या चित्राची लहान नक्कल करून तिच्यावर काम करायचं. आम्ही नवरा-नवरीसाठी तेच करत होतो, आणि त्यांना पाकळ्यांखाली काही फरक पडत नव्हता. पण नक्कल लहान केली की मागची रांग पुसून जाते. पुढच्या रांगेला नाक-डोळे राहतात, मागे नुसते शर्टांचे रंग. मामाच्या पोरीच्या पंगतीत मागच्या रांगेला बरेच रंग होते आणि त्यातला कुठला मावशीचा, ते कळायला मार्ग नव्हता.

"नवीन मशीन घेऊ," दादा म्हणाले. इतकी वर्षं मी हेच सांगत होते, गिऱ्हाइकांसाठी, वेगासाठी, माझ्या मानेसाठी. तेव्हा त्यांना ते पटलं नव्हतं.

मी हौसेने तयारीला लागले. रात्रंदिवस व्हिडिओ बघून प्रोसेसर कुठला, रॅम किती, ग्राफिक्स कार्ड केवढं, हे पाठ केलं. दादांनी यातलं काहीही ऐकून घेतलं नाही. तांदळातली डिस्क झटकली, रुमालात बांधली आणि म्हणाले, "चल. जो मागची रांग दाखवील त्याचं घ्यायचं."

उल्हासनगरला कॅम्प दोनच्या बाजारात आम्ही रिक्षातून उतरलो. पहिल्या दुकानात मशीनच्या पोटात रंगीत पंखे फिरत होते, काचेतून लाल-हिरवा-निळा उजेड. दादांनी वाकून बघितलं. "वरातीचा हाय का हा?" दुकानदार पोरगा उत्साहाने गेम लावून दाखवू लागला, गाड्या उडत होत्या, बंदुका चालत होत्या. दादांनी रुमाल सोडून डिस्क पुढे केली. पंगत लागली. पुढची रांग झकास दिसली. दादा म्हणाले, "मागं जा. अजून मागं. तो पोपटी शर्ट. त्याच्या ताटात काय हाय?" पोरगा माझ्याकडे बघायला लागला. तो चित्र मोठं करायला गेला आणि पंगत अडकली. घास हातात, हात हवेत. "नापास," दादा म्हणाले आणि डिस्क रुमालात बांधली.

दुसऱ्या दुकानात तेच. तिथलं मशीन आणखी महागातलं, आणि वाढपी भाताची परात घेऊन जागच्या जागी खिळला तो खिळलाच. माझी सगळी पाठांतरं फुकट गेली होती. प्रोसेसर बरोबर, कार्ड बरोबर, रॅम भरपूर, मग घोडं पेंड खातंय कुठे ते कळेना. "एवढं मोठं मार्केट आनि एकाला मागची रांग दिसत नाय," दादा रस्त्यातून मोठ्याने बोलत चालले होते. लोक वळून बघत होते आणि मी त्यांच्यापासून चार पावलं लांबून चालत होते.

तिसरं दुकान अरुंद होतं. मालक वयस्कर सिंधी गृहस्थ, चष्मा कपाळावर. त्यांनी डिस्क हातात घेतली, उलटीसुलटी केली आणि हुंगली. "साईं, इसमें से तो चावल की खुशबू आ रही है."

"आंबेमोहर हाय," दादा म्हणाले.

"चावल अच्छा है. मगर डिस्क बुढ्ढी है. इतनी बड़ी फाइल ये दौड़ा नहीं सकती. मशीन क्या करेगी बेचारी?" त्यांनी ती फाइल आधी मशीनच्या आतल्या वेगवान डिस्कवर उतरवून घ्यायला लावली. त्याला वेळ लागणार होता, म्हणून चहा सांगितला. मी आणि दादा एकमेकांकडे बघेना. दोन दुकानांतली चांगली मशीनं आम्ही तोंडावर नापास करून आलो होतो आणि खोट आमच्याच डब्यात होती. दादांना हसू आलं. एकदा सुरू झालं ते थांबेना, चहा सांडला. मला अजून ते हसणं आठवतं. ते तसे फार हसणारे नव्हते.

फाइल उतरली. मालकांनी मोठा, चांगला स्क्रीन ओढून पुढे घेतला. "छोटी स्क्रीन पे बड़ा पिक्चर देखोगे तो क्या फायदा?" आणि पंगत सुरू झाली. अडकली नाही. "मागं जा," दादा म्हणाले. मालक मागे गेले. पोपटी शर्टवाल्याच्या ताटात बुंदी होती, ती भाताखाली लपवून ठेवलेली. मालकांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला. "अरे वाह. छुपा के रखी है!" मग त्यांनाच नाद लागला. आणखी मागे. एक आजोबा दातांची कवळी काढून खिशात ठेवताना. एक बाई शेजारणीच्या साडीचा पोत बोटांनी बघताना. दुकानात केबल घ्यायला आलेले दोघं तिघंही आमच्या मागे येऊन उभे राहिले.

शेवटच्या रांगेत, कनातीला लागून, एकाचा हात तोंडाशी जात होता. डावा हात. तोंडासमोर नेमका वाढपी उभा. दादा पुढे वाकले. वाढपी सरकला आणि तो दिसला. बारीक, कानामागे केस चिकटलेले, वाटाणे एकेक करून ताटाच्या कडेला लावत बसलेला. कुणी बघत नाही अशा खात्रीने जेवत होता.

"सापडला," दादा म्हणाले.

"कौन है, साईं?" मालकांनी विचारलं.

"गेला तो. वर्ष झालं. त्याच्या आईला दाखवायचाय."

केबलवाल्यांपैकी एकाने मान खाली घातली. मालक म्हणाले, "हमारी शादी की कैसेट थी. मां थी उसमें. फफूंद, बुरशी लग गई." मग ते उठले आणि स्वतःच्या हातांनी मशीन खोक्यात भरू लागले. हेच घ्यायचं हे कुणी बोललंच नव्हतं, पण ठरलं होतं.

मशीन आलं तेव्हा वहिनींनी त्याला हळदकुंकू लावलं, नारळ वाढवला. दुसऱ्या दिवशी मावशी आणि थोरला आले. थोरला मोबाइलमध्ये बघत भिंतीला टेकून उभा राहिला. मावशी माझ्या खुर्चीवर बसली, पाय वर घेऊन. दादांनी पंगत लावली आणि हळूहळू शेवटच्या रांगेपर्यंत नेली.

मावशी रडली नाही. ती पुढे सरकली. "वाटाना काडतोय बग. ल्हानपनापासना तसाच." मग थोड्या वेळाने, "शर्ट इस्त्रीचा घातलाय. मना बोलला, तसाच गेलतो." तिला त्याच्याशी भांडायचं होतं, त्याला खायला घालायचं होतं, त्याचे केस मागे करायचे होते, ते सगळं तिच्या हातांत दिसत होतं. हात मांडीवर नुसते हलत होते. थोरल्याचा मोबाइल केव्हा खिशात गेला ते मला कळलं नाही. तो खाली बसला होता, आईच्या पायांशी.

स्क्रीनवरचा मुलगा उठला. ताट उचलून घेतलं, कनातीच्या कडेने चालत गेला आणि चित्राबाहेर गेला. हात धुवायला.

दादांचा हात माऊसवर होता. पुढचं सगळं त्यांनी आणि मी आधी बघितलं होतं. तो परत येत नव्हता.

"येल आता," मावशी म्हणाली. "त्याला शेवटी ताक लागतं."

दादांनी माझ्याकडे बघितलं. मग हात माऊसवरून काढून मांडीवर घेतला आणि म्हणाले, "बघू की. बस."

आम्ही बसलो. ती पंगत उठली, दुसरी बसली. मावशीची नजर चित्राच्या त्या एका कडेवरून हलली नाही. कुणी आत आलं की ती ताठ व्हायची आणि मग पुन्हा सैल. शेजारची गिरणी बंद पडली, पुन्हा सुरू झाली. दादांनी एकदाही पुढे पळवलं नाही. मी त्यांच्यापेक्षा चांगली एडिटर होते, हे माझं प्रामाणिक मत आहे, पण एखादी गोष्ट न कापता बसून राहण्याचं बळ माझ्यात नव्हतं. मला तिथून उठून जावंसं वाटत होतं.

शेवटी शेवटी टेबलं रिकामी झाली, पोरं कागद गोळा करू लागली. आणि कडेने एक माणूस आला. मावशी अर्धी उठली. तो माणूस सरळ आमच्याकडेच येऊ लागला. मोठा झाला, आणखी मोठा झाला, डोक्यावर चष्मा, खांद्यावर रुमाल, पार स्क्रीनभर झाला, हात पुढे केला आणि चित्र संपलं.

"यो तर तूच रं," मावशी म्हणाली.

दादा ओशाळले. "कॅमेरा बंद करायला आलतो. ते कापायचं असतं," ते माझ्याकडे बघून पुटपुटले. मावशी हसली. खरंखुरं हसली. "तू तरी आला," ती म्हणाली आणि डोळ्यांना पदर लावला.

वर्षश्राद्धाला ढग आले नाहीत. थोरल्याने एलईडीवर पंगतच लावली. नातेवाईक आधी कुजबुजले, मग खुर्च्या जवळ ओढून आपापली माणसं शोधू लागले. पोपटी शर्टवाला स्वतः हजर होता. त्याला बुंदीवरून पार हैराण केलं लोकांनी.

दादा गेल्या पावसाळ्यात गेले. सकाळी चहा घेतला, छातीत दुखतंय म्हणाले, आणि दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. मला कुणी माझं नसलेलं माणूस इतकं आठवेल असं वाटलं नव्हतं. पडदा सरकला की मी अजून वर बघते.

दिवस-कार्याच्या आदल्या दिवशी वहिनी आल्या. "बॅनरला फोटो पायजे गं. घरात एक धड फोटो नाय ह्यांचा. जलमभर लोकांचे काढत फिरले." त्या टेकल्या आणि डब्यांकडे बघत राहिल्या. मी डिस्का काढल्या, आतल्या फाइली मशीनवर उतरवल्या आणि प्रत्येक पंगतीच्या टोकाला गेले. मिक्सिंग करताना जिथून मी नेहमी कापत आले, तिथे.

प्रत्येक पंगतीच्या शेवटी दादा येत होते. उजवीकडून, डावीकडून, कधी धावत, कधी लंगडत. शूटिंगवाल्याचं पान सगळ्यांच्या शेवटी, म्हणून कधी हातात वाढलेलं ताट घेऊन. एकदा स्टँडला लोंबकळणाऱ्या पोराला दटावत. एकदा मोबाइल कानाला लावून, "येतो गं, येतो" म्हणत. काळे केस, मग करडे, मग पांढरे. दर वेळी सरळ आमच्याकडे बघत, जवळ, आणखी जवळ.

ती टोकं मी एकामागे एक जोडली. पाकळ्या नाहीत, गाणं नाही. फक्त त्यांचा हात बटणापर्यंत पोचायच्या आधी प्रत्येक तुकडा कापला, त्यामुळे चित्र कुठेच बंद होत नव्हतं. ते पोचणार एवढ्यात पुन्हा लांबून निघत होते.

वहिनी बघत होत्या. मधेच त्यांनी माझा दंड धरला. "हे कोनचं लगीन?"

"चामटोलीचं. मागच्या उन्हाळ्यातलं."

"त्या दिवशी उपाशीच आलते घरी. जेवलो म्हनून खोटं बोलले मना. तोंड बग ना कसं झालंय."

बॅनरसाठी तोच चेहरा घ्यावा म्हणून मी चित्र थांबवायला हात पुढे केला.

"नको थांबवू," वहिनी म्हणाल्या. "येऊ दे त्यांना."